हैबती आणि वासाची मेणबत्ती

डोंगराच्या कुशीत कुसरवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी त्याला "जरा थांब" म्हणालं, तर तो माणूस परत येऊन "आता जा" म्हणेपर्यंत हैबती तिथंच उभा. एकदा असा तो सोमवारी थांबला होता आणि मंगळवारी सापडला.

त्याची बायको अनुसया मात्र हुशार. गावाकडे पर्यटक येतात, हे बघून तिनं घराला लागून असलेली खोली रंगवली. खिडकीला फुलाफुलांचे पडदे लावले. शहरातल्या पाहुण्यांना ती राहायला द्यायची असं ठरवलं. पुण्याचे गानू नवरा-बायको पहिले पाहुणे म्हणून येणार होते. खोली आवडली तर दिवाळीत आमच्या ऑफिसची वीस माणसं घेऊन येतो, असं गानूंनी फोनवर सांगितलं होतं. अनुसयाचं सगळं चित्त त्या वीस माणसांत अडकलं होतं.

अडचण एकच होती. खोलीच्या भिंतीपलीकडे म्हशींचा गोठा. पडदे कितीही फुलाफुलांचे असले तरी वास गोठ्याचाच येई.

त्यावर अनुसयाच्या भावजयीनं शहरातून एक वस्तू पाठवली. काचेच्या पेल्यात मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती आणि ती ठेवायला विजेवरची तबकडी. तबकडी गरम होते, मेण वितळतं, खोलीभर मोगरा दरवळतो. खोलीला लाकडाचा माळा, शेजारी कडब्याची गंजी. तिथं उघडी ज्योत नको, म्हणून ही युक्ती.

अनुसयानं नवऱ्याला समोर बसवलं.

"अहो, नीट ऐका. हिच्या वातीला काडी लावायची नाही. नुसतं खालून गरम करायचं."

"वातीला काडी लावायची नाही," हैबती म्हणाला. बायकोचं बोलणं विसरू नये म्हणून तो ते दिवसभर पुटपुटत राहिला. म्हशींनाही दोनदा सांगितलं.

तिन्हीसांजेला अनुसया गोठ्यातून म्हणाली, "देवापुढं निरांजन लावा."

हैबतीनं निरांजन घेतलं. तूप घातलं, वात ठेवली. वातीला काडी लावायची नाही. मग त्यानं निरांजन उचललं आणि चुलीवरच्या तापल्या तव्यावर ठेवलं. तूप कढलं. वात करपली. घरभर धूर झाला. हैबती तव्यापुढं डोळे मिटून, हात जोडून आरती म्हणत बसला होता.

अनुसया धावत आली. "हे काय केलं?"

"खालून गरम केलं," हैबती म्हणाला. "वातीला काडी नाही लावली."

अनुसयानं कपाळावर हात मारला. "अहो, ते त्या मेणबत्तीचं. आणि विस्तवावर काही ठेवलं की डोळे मिटून बसायचं नाही. त्याच्यावर नजर ठेवायची. नजर हलवायची नाही."

"नजर हलवायची नाही," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयानं शेगडीवर दूध ठेवलं. "दुधाकडं बघा हं, मी अंगण सारवून येते," असं म्हणून ती बाहेर गेली.

हैबती दुधासमोर मांडी घालून बसला. त्यानं नजर हलवली नाही. दुधावर साय आली, त्यानं बघितली. दूध वर आलं, त्यानं बघितलं. दूध पातेल्याच्या काठावर येऊन जरा थांबलं. हैबतीही श्वास रोखून थांबला. मग दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून मोरीत गेलं. हैबतीनं त्याला मोरीपर्यंत नजरेनं पोचवलं.

अनुसया आत आली तेव्हा पातेल्यात घोटभर दूध उरलं होतं.

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

"दुधावर. मोरीत गेलं ते. डावीकडून."

एवढं खरं बोलणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, हे अनुसयाला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कळलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "नुसतं बघायचं नसतं हो. काम झालं की बंद करायचं. उद्या ती तबकडी लावाल तेव्हा पण हेच. काम झालं की पिन काढून ठेवायची. पिन राहिली की धोका."

"काम झालं की पिन काढून ठेवायची."

त्या दुपारी शेजारच्या हौसाबाईच्या नातवाचं बारसं होतं. सगळा गाव जमला होता. बायकांनी पाळणा म्हटला, आत्यानं कुर्रर्र केलं, नाव ठेवलं गेलं. घुगऱ्या वाटल्या. हौसाबाई समाधानानं म्हणाली, "चला, झालं एकदाचं काम."

हैबती चमकला. काम झालं होतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं. बाळाच्या लंगोटाला मोठी पिन लावलेली होती. ती तशीच राहिली होती, आणि कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं. हैबतीनं हळूच ती काढली, नीट मिटली आणि खिशात ठेवली.

तेवढ्यात बाळ सरपंचांच्या मांडीवर देण्यात आलं. सरपंचांनी त्या दिवशी इस्त्रीचं नवं धोतर नेसलं होतं. बाळानं काही फार वेळ वाट बघितली नाही.

घरी आल्याबरोबर अनुसयानं हैबतीचा हात धरून त्याला थेट तबकडीपाशी नेलं.

"ही बघा पिन. भिंतीतल्या बोर्डातली. ही काढायची. माणसांच्या पिनांना हात लावायचा नाही. आणि पिन काढली तरी पेला लगेच उचलायचा नाही. मेण उकळतं असतं, हात भाजतो. पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही."

"गार झाल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही," हैबती म्हणाला. हे त्याला फार पटलं. यात कुणाचं धोतर ओलं होण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गानू मंडळी आली. दमली होती, घाटात थंडी वाजली होती. अनुसयानं आल्याचा वाफाळता चहा केला आणि हैबतीच्या हाती ताट दिलं.

हैबतीनं ताट पाहुण्यांसमोर ठेवलं. गानूंनी हात पुढं केला. हैबतीनं तो अलगद बाजूला केला.

"अजून नाही," तो म्हणाला.

गानू हसले. गावाकडची काही रीत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी थोड्या वेळानं पुन्हा हात पुढं केला. हैबतीनं पुन्हा बाजूला केला. गानूबाईंनी प्रयत्न करून बघितला. त्यांचाही हात परत गेला. तिघं जण चहाकडं बघत बसले. वाफ कमी झाली. वाफ थांबली. चहावर साय धरली. हैबतीनं कपाला बोट लावून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "घ्या आता. एकदम गार झालाय."

अनुसयाला वाटलं, वीस माणसं गेली. पण गानू मोकळ्या मनाचे होते. त्यांना हसू आवरेना. शिवाय खोलीत पाऊल टाकलं तर मोगऱ्याचा घमघमाट. अनुसयानं तबकडी स्वतः लावली होती. सपाट फळीवर, पडद्यापासून लांब. "काय सुंदर वास आहे हो," गानूबाई म्हणाल्या. "आमची माणसं नक्की येतील दिवाळीत."

अनुसया त्या रात्री सुखानं झोपली.

सकाळी गानूबाई म्हणाल्या, "मावशी, आज मोगऱ्याचा वास येईनासा झालाय." एवढं सांगून त्या टेकडीवर फिरायला गेल्या.

अनुसयानं हैबतीला बोलावलं. "बघा, वर जे मेण वितळलंय ना, त्यातला वास उडून गेलाय. असं झालं की काय करायचं? वास नसलेलं ओतून टाकायचं आणि नवीन वासाचं भरायचं."

हैबतीनं तिच्या देखत वरचं मेण डब्यात ओतलं. भावजयीनं सोबत पाठवलेल्या वासाच्या मेणाच्या वड्यांतली एक वडी पेल्यात टाकली. थोड्या वेळात मोगरा पुन्हा दरवळला. त्यानं काडी लावली नाही, नजर ठेवली, पिन काढली, पेला गार होऊ दिला. एकही चूक झाली नाही.

"शाबास," अनुसया म्हणाली. "असं सगळं केलंत तर मला दुसरं काय हवं?"

बारा वर्षांत ती पहिल्यांदा शाबास म्हणाली होती. हैबतीची छाती फुगली. अनुसया धारा काढायला गोठ्यात गेली आणि हा घरभर आणखी काय करता येईल ते बघत हिंडू लागला.

थोड्या वेळानं न्हाणीघरातून गानूंची हाक आली. "मावशी, नळाचं पाणी गेलं. डोळ्यांत साबण आहे."

अनुसया चरवी ठेवून बाहेर आली. गच्चीवरची टाकी पहाटेच काठोकाठ भरलेली होती. खाली अंगणात मात्र पाण्याचा लोट वाहत होता आणि जिन्यावरून हैबती हसतमुखानं उतरत होता.

"टाकीचं पाणी कुठं गेलं?"

"मी टाकीत वाकून वास घेतला," हैबती म्हणाला. "कसलाच वास येत नव्हता. म्हणून सगळं ओतून टाकलं."

अनुसयानं डोळे मिटून घेतले. मग विहिरीजवळची मोटार घुरघुरताना तिला ऐकू आली, आणि तिच्या जिवात जीव आला. "बरं, निदान नवीन तरी भरताय ना?"

"भरतोय की. वासाचं."

"कसलं वासाचं?"

हैबतीनं अभिमानानं बोट दाखवलं. मोटारीचा पाइप विहिरीत नव्हता. तो गोठ्यामागं गेला होता. तिथं शेताला घालायचं जीवामृत मोठ्या पिंपात गाळून ठेवलेलं होतं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन, आठ दिवस आंबवलेलं. पिंप अर्ध्यावर आलं होतं.

अनुसया मोटारीकडं पळाली.

तेवढ्यात न्हाणीघरातून गानूंचा आनंदी आवाज आला, "राहू द्या मावशी, आलं पाणी."