भर बंदरात भिजवलेला माल

पूर्वी शूर्पारक बंदरावर राजा विजयमित्राची सत्ता असताना बोधिसत्त्व एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्मले. नाव नंदिसेन. समुद्रापलीकडच्या बावेरू देशातला इद्दिन हा त्यांचा भागीदार. यांनी लाल वस्त्रे द्यायची, त्याने पोवळी. वीस वर्षे असेच सुरळीत चालले होते.

एका वर्षी पक्का लाल रंग देणारी मंजिष्ठा मिळेना. धाकटा भाऊ विसाख याने कोणाला न सांगता निम्म्या गाठी कच्च्या रंगात बुडवून घेतल्या. बंदरावर गाठ चाचपताना नंदिसेनांच्या बोटांना लाली लागली आणि त्यांनी वळून विसाखाकडे पाहिले.

विसाख हळूच म्हणाला, "दादा, गप्प राहा. उद्या इद्दिनचं जहाज सुटतंय. इतक्या लांबून तो आपलं काय वाकडं करणार?"

"तिकडे ही वस्त्रं नवरी नेसते. तिच्या अंगावर रंग उतरला, तर लोक कोणाच्या दारात जातील? आपल्या नाही, इद्दिनच्या."

मग त्यांनी जे केले, ते पाहून सारे बंदर हबकले. आणि का हबकू नये? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कोण पाडून घेतो? नंदिसेनांनी इद्दिनला जहाजावरून बोलावले, त्याच्यादेखत गाठी सोडल्या आणि वस्त्रांवर घागरी ओतल्या. निम्म्या वस्त्रांतून लाल ओघळ वाहू लागले. हमाल जागीच थिजले.

"हे माझ्या घरात झालं," नंदिसेन म्हणाले. "रंग सुटणारा हा माल नेऊ नकोस."

वीस वर्षांचा संबंध तुटला, असेच विसाखाला वाटले. इद्दिनचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण रागाने नव्हे. त्याने उरलेली घागर उचलली, आपली पेटी उघडली आणि पोवळ्यांवर ओतली. पेटीच्या तळातूनही लाल पाणी ठिबकले.

"यंदा खरी पोवळी कमी पडली, म्हणून रंगवलेले खडे मिसळले," तो मान खाली घालून म्हणाला. "तू बोलला नसतास, तर मीही बोललो नसतो."

आता थिजण्याची पाळी नंदिसेनांची होती. मग ते त्याच लाल चिखलात इद्दिनशेजारी बसले. त्या दिवसापासून माल चढवण्याआधी दोघेही आपला वाईट नग आधी दाखवू लागले. ती भागीदारी त्यांच्या नातवंडांपर्यंत टिकली.

भिक्खूंच्या सभेत एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. मग म्हणाले, "तेव्हाचा इद्दिन म्हणजे दूरदेशाहून आलेला हा भिक्खू सुबाहू. विसाख म्हणजे आज सकाळी त्याचे भिक्षापात्र फोडून गप्प बसलेला भिक्खू. आणि नंदिसेन मीच होतो."

सभेतून तो भिक्खू उठला आणि फुटलेल्या पात्राच्या खापऱ्या हातात घेऊन सुबाहूसमोर जाऊन उभा राहिला.

शास्ता म्हणाले, "समोरच्याला कळण्याआधी आपला दोष आपण सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."