रुसव्याचा पहिला नंबर

अप्पासाहेब काटकरांच्या धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि व्याही होते वडजाईचे सरनाईक. सरनाईकांच्या घरात जमीन कमी आणि रुसणारी माणसं जास्त. कुणी फेट्याच्या रंगावरून रुसे, कुणी खुर्चीवरून. नवऱ्या मुलाचे थोरले काका तर आधी रुसत आणि कारण मागाहून शोधत.

अप्पासाहेबांना धसका होता तो थोरल्या लेकीच्या लग्नाचा. त्या लग्नात नवऱ्याचा मामा रुसून गाडीत जाऊन बसला होता. तालुक्यातली बहुतेक मंगल कार्यालयं ज्यांच्या मालकीची, ते अप्पासाहेब भर उन्हात गाडीच्या काचेवर टकटक करत उभे होते. ते दुःख अजून त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

नेमक्या अशा वेळी चैताली त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. ही त्यांच्याच कार्यालयातल्या म्हादबा आचाऱ्याची लेक. बाप पंगती रांधायचा, तेव्हा ही सरपणाच्या ढिगावर बसून मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकायची. पहिल्याच प्रोग्रामला तिने 'मीठ घाल' असं सांगितलं, 'थांब' सांगायला विसरली, आणि तो बिचारा मोबाइल तापेपर्यंत मीठच घालत राहिला. अशा चुका करत करत पोरगी तयार झाली होती. जुना का होईना, एक लॅपटॉपही तिने मिळवला होता.

"अप्पासाहेब, कार्यालयावरची बंद खोली मला द्या. कंपनी काढायचीय. लग्नघरांसाठी ॲप."

"कंपनी? बाप झारा घेऊन उभा आणि लेक मालकीण?" अप्पासाहेब मिशीत हसले. "करतं काय तुझं ॲप?"

"सांगाल ते."

"मग ऐक. वरात निघताना माझ्या मांडवात एकही माणूस रुसलेला दिसता कामा नये. जमलं, तर खोली तुझी आणि माझी सगळी कार्यालयं तुझी गिऱ्हाइकं. एक जरी माणूस तोंड फिरवून बसला, तर लॅपटॉप अडगळीत आणि तू जन्मभर बापाच्या हाताखाली वरण ढवळायचं. कबूल?"

"कबूल."

मागे उभ्या म्हादबाच्या हातातला झारा गळून पडला. "अगं, सरनाईकांना न रुसवता लग्न लावणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमायचं नाही!"

चैतालीने आधी सरळ मार्ग धरला. काका असेल तर पुढची खुर्ची, मामा असेल तर जरीचा फेटा, आत्या असेल तर भारी लुगडं, असं सगळं प्रोग्राममध्ये बसवलं आणि चाचणी घेतली ती स्वतःच्याच आत्यावर. आत्याला खुर्ची मिळाली, लुगडं मिळालं, ताटात पहिली पोळी पडली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता काय झालं गं आत्या?"

"मागायच्या आधीच देता होय? मला काय हावरी समजता?"

म्हादबाचा धीर सुटला. "बुडालो! जा, मी पण जेवत न्हाई," म्हणून तोही दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसला. तशी आत्या ताडकन उठली. "म्हादू, अन्नावर राग काढू नये रे," म्हणत तिने भावाला घास भरवला आणि भरवता भरवता स्वतःही जेवली. आपण रुसलो होतो हे तिला ताक पिताना आठवलं. पण आता जेवण झालेलं, परत रुसणार कशी?

चैतालीने लॅपटॉप उघडला. खुर्च्या, फेटे, लुगडी सगळं पुसून टाकलं आणि एकच नियम लिहिला.

लग्नाच्या दिवशी दाराशी पाटी लागली: 'रुसायचे असल्यास मोबाइलवर नंबर लावावा. नंबराप्रमाणे मनधरणी केली जाईल.'

अप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. "ही तर रुसायला आवतण देतेय!"

अक्षता पडल्या आणि थोरल्या काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. सरनाईकांकडे युद्धाची सुरुवात अशीच होते. काकांनी मोबाइल काढला, नंबर लावला, काहीतरी वाचलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. फेटा पुन्हा डोक्यावर चढला. काका तरातरा अप्पासाहेबांकडे आले. अप्पासाहेबांनी सवयीने हात जोडले, तर काकांनी ते हातच धरले.

"व्याही, आमचं काही चुकलं का? चुकलं असेल तर मनात ठेवू नका."

काकांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मग नवऱ्याचे मामा आले आणि त्यांनी जिलबी भरवली. मग नवऱ्याच्या आत्या आल्या. "भाऊ, तुमच्यासारखे सोयरे मिळायला भाग्य लागतं," म्हणाल्या. जो तो मोबाइलमध्ये बघे आणि अप्पासाहेबांकडे धावे. वधूपिता बसलाय आणि वरपक्ष हात जोडून उभा आहे, हे त्या कार्यालयाच्या भिंतींनी पहिल्यांदाच पाहिलं.

वरात दाराशी लागली. मांडवात सगळे फेटे डोक्यावर होते. अप्पासाहेबांनी चैतालीला बाजूला बोलावलं.

"पोरी, यांना केलंस तरी काय?"

"नंबर लावला की उत्तर जातं: 'आपल्या आधी एक जण रुसले आहेत. आपण मानाची माणसं, तेव्हा त्यांची समजूत आपणच काढावी. मग आपला नंबर.' खाली पहिल्या नंबराचं नाव. समजूत काढून झाल्यावर परत कुणी नंबर विचारायला आलंच नाही."

"आणि तो पहिला नंबर कुणाचा?"

"तुमचा."

"माझा? मी कधी रुसलो?"

"थोरल्या ताईंच्या लग्नात, त्या गाडीच्या काचेपाशी. मामांची समजूत तुम्ही काढलीत. तुमची काढायला कुणीच आलं नाही. मी फक्त तुमचा नंबर लावला."

अप्पासाहेबांचे डोळे भरून आले, ते त्यांनी फेट्याच्या शेमल्याने टिपले. पण माणूस मुलखाचा हट्टी!

"म्हणजे तुझ्याच तोंडानं एक रुसलेला माणूस निघाला की! तोही ऐन मांडवात, वरात दाराशी असताना. हरलीस तू."

"रुसला होतात, अप्पासाहेब. आता आहात?"

अप्पासाहेबांनी झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. कपाळाला आठ्या घातल्या, मिशा खाली ओढल्या. तेवढ्यात थोरले काका जिलबीचं ताट घेऊन पुन्हा धावत येताना दिसले, आणि अप्पासाहेबांना असं हसू फुटलं की बँडवाले वाजवायचं थांबवून बघत राहिले. हसता हसताच त्यांनी जुडग्यातून वरच्या खोलीची किल्ली सोडवली आणि चैतालीच्या हातावर ठेवली.

"घे, लाव तुझ्या कंपनीची पाटी. पण पहिला नंबर माझाच राहू दे, काय!"