फोडणीतली जाहिरात

कोल्हापुरात भुजंगरावांच्या पैशाशिवाय ॲपच काय, झाडाचं पानही हलत नाही, असं भुजंगराव स्वतःच सांगत. उल्का मगदूमनं बोलून स्वयंपाक शिकवणारं 'फोडणी' ॲप केलं होतं. भांडवल मिळालं नाही, तर ते बंदच पडणार होतं. म्हणून तिनं त्यांचं दार गाठलं.

"देतो की!" भुजंगराव म्हणाले. "पण पाककृतीच्या दर पायरीला पाच सेकंदांची जाहिरात पाहिजे."

"साहेब, तेवढ्यात लोकांची फोडणी करपेल."

"पाच सेकंदांत कोण मरतंय?"

"बरं. मग करारावर सही उद्या आमच्या घरी, जेवून करा."

दुसऱ्या दिवशी भुजंगरावांनी तांबडा रस्सा ओरपला आणि असा ठसका लागला, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकू लागली.

"पाणी! पाणी दे!"

उल्कानं तांब्या उचलून छातीशी धरला. "पाणी येतंच आहे. तत्पूर्वी ऐका, चंद्रकोर साबण, अंगाला..."

"अगं, जीव चाललाय!"

"पाचच सेकंद, साहेब. कोण मरतंय?"

मग तिनं तांब्या दिला. तो घटाघटा रिकामा करून, जेवण उरकून भुजंगरावांनी विचारलं, "मग जाहिरात लावायची तरी कधी, बाई?"

उल्कानं बडीशेपेची वाटी पुढं केली. "आत्ता. पोट भरलं की माणूस सगळं ऐकतो."

भुजंगरावांनी बडीशेप चघळत सही केली आणि उठता उठता हळूच विचारलं, "तो साबण मिळतो कुठं?"