आरशातला दिवा

“मग पाठीमागचं बघणार कोण?” बुवांनी विचारलं.

“गाडी,” रणजीत म्हणाला.

चिदंबरबुवांचा मठ आमच्या भिंतीला लागून. नवीकोरी गाडी दारात आल्यावर मी घरात थांबते होय? लाटणं टाकून गेले. रणजीत हा बुवांचा लाडका शिष्य, मोठा शिकलेला. बहिणीला, केतकीला, बाळंतपणासाठी माहेरी कराडला न्यायला निघाला होता. नववा लागला होता पोरीला. वाटेत आशीर्वादाला थांबलेली दोघं.

“आरशात न दिसणारी एक जागा असते, बुवा. शेजारी, जरा मागं. तिथंच घात होतो. हिच्या मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत, रडार आहे. ते लहरी सोडतं. कुणी त्या जागेत आलं की लहरी आपटून परत येतात आणि आरशात दिवा लागतो.”

“आणि नाही लागला तर?”

“तर तिथं कुणी नाही.”

बुवांनी वाकून आरशात पाहिलं.

“नक्की?”

“डोळे मिटून वळावं, बुवा!”

बुवा केतकीला म्हणाले, “तू उतर, बाळ. ओट्यावर सावलीत बस.” मग त्यांनी आपली जुनी स्कूटर काढली. “चल रे. वडापर्यंत जाऊ. तिथं डावीकडे वळ.”

केतकीची पुढची सीट रिकामी झाली, तिथं मी बसले. बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

रस्ता मोकळा. गाडीनं वेग घेतला. वड आला.

रणजीतनं आरशात पाहिलं. दिवा नव्हता.

त्यानं स्टिअरिंग फिरवलं.

माझ्या काचेबाहेर भगवं काहीतरी फडफडलं.

“अरे, बुवा!” मी किंचाळले.

करकचून ब्रेक लागला...

स्कूटर रस्त्याखाली, उसाच्या कडेला जाऊन थांबली होती. बुवा एक पाय चिखलात टेकून उभे. गाडीचा डावा आरसा धडकेनं दुमडून गेलेला. मी दार उघडून खाली उतरले.

रणजीत उतरला. धावत बुवांपाशी गेला.

“लागलं का, बुवा?”

“नाही.”

“दिवा... दिवा लागलाच नाही.”

“मी तर होतो.”

मला राहवलं नाही. “अरे, मघाशी निघताना गाडीच्या पडद्यावर ते पिवळं, इशाऱ्यासारखं काय आलं होतं?”

“सकाळपासून येतंय, काकू. मी घालवून टाकत होतो.”

“तो तुझ्या गाडीचा डोळा कुठं असतो, दाखव,” बुवा म्हणाले.

रणजीत मागं गेला, गुडघ्यावर बसला. बंपरच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट नेलं, आणि बोट हवेतच राहिलं.

तिथं पितळेची पाटी होती. चांगली ताटलीएवढी, चकचकीत. सकाळी गाडीची पूजा झाल्यावर त्यानंच चिकटवलेली.

‘चिदंबरबुवांची कृपा’.

“लहरी पितळेतून जात नाहीत...” तो पुटपुटला.

बुवांनी स्कूटरची किल्ली काढली, पाटीखाली घातली आणि रेटा दिला.

“बुवा! तुमचं नाव आहे त्यावर!”

कड्कन आवाज झाला. बुवांनी पाटी उसात भिरकावली. मी तोंडावर हात धरून उभी. देवाशपथ, असं काही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.



“केतकीला... नेऊ ना आता?” रणजीतनं विचारलं.

बुवांनी स्कूटर रस्त्यावर घेतली. स्कूटरला किक मारली, आणि गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या दाराच्या जरा मागं, पुन्हा त्याच, आरशात न दिसणाऱ्या जागी येऊन थांबले.

रणजीतनं गाडीत बसून हात जोडले.

“बुवा, पुढं व्हा ना... निदान मला दिसाल तरी.”

“मान वळव की,” बुवा म्हणाले.