धोंडबाचा दुसरा हात

विहिरींना अजून पंप बसले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका विहिरीत दरसाल बेडकांची शर्यत व्हायची. नियम एकच, शेवटी पायरीला दोन्ही हात एकदम टेकवायचे.

सालोसाल जिंकणाऱ्या धोंडबा बेडकाला यंदा झोप नव्हती. नवखी शेवंती सरावात त्याची बरोबरी करत होती. "एवढीशी पोर, ही नक्की एकच हात टेकवून फसवत असणार," असं त्याच्या मनाने घेतलं.

शर्यतीत तो जरासा पुढेच होता, पण डोळा सगळा शेवंतीवर. पायरी येताच त्याने एक हात टेकवला आणि दुसरा तिच्याकडे रोखून तो पंच कासवाला म्हणाला, "दादा, तिचे हात बघा."

"बघितले, दोन्ही टेकले," कासव म्हणालं. "तुझा दुसरा कुठाय?"