वांग्याच्या भाजीला नावं ठेवणारे गुरुजी

एकदा खानदेशातल्या एका शहरात, आपल्यापैकी बहुतेकांचं असतं तेवढ्याच लहानमोठ्या शहरात, एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. हयातभर त्यांनी स्टुडिओ चालवला. लग्नं, बारशी, शाळांचे निरोप समारंभ, सगळ्यांचे फोटो त्यांनी काढले. पुढे नजर मंदावली, स्टुडिओ बंद झाला, तरी शिकायला येणाऱ्यांची ये-जा काही थांबली नाही. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो.

त्यांच्याकडे मृण्मयी नावाची एक शिष्या येत असे. तिचा छंद आजकालचा होता. गल्लीबोळातल्या खानावळी आणि नाश्त्याच्या गाड्या शोधायच्या, पदार्थांचे फोटो काढायचे, एखाददुसरा घास चाखायचा आणि वर चार ओळी लिहून मोबाइलवरून लोकांपुढे ठेवायचं. आता तुम्ही नाक मुरडाल. कृपा करून मुरडू नका. मुलगी गुणी होती. मोठ्या हॉटेलांच्या वाटेला ती जातच नसे. ‘त्यांना जाहिरात परवडते, ज्यांच्या दाराला धड पाटी नाही त्यांच्याकडे मी जाते,’ असं ती म्हणे आणि तसंच वागे. तिने दारातल्या उजेडात काढलेला साध्या पिठल्याचा फोटो पाहून पोट भरलेल्या माणसालाही भूक लागावी, इतका तिचा हात तयार होता. तिच्या फोटोंमुळे दोन-तीन बुडत्या खानावळी पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्याच शहरात सरकी तेलाच्या गिरणीमागे एक जुनी खानावळ होती. द्वारकामाई नावाच्या बाईंनी ती उभी केली होती आणि मरेपर्यंत एकहाती चालवली होती. वरण, बट्टी आणि घोटलेली वांगी हे तिथलं ठरलेलं जेवण. कणकेची उकडून तळलेली बट्टी ताटात कुस्करायची, तिच्यावर तूप आणि तुरीचं वरण ओतायचं, आणि शेजारी हिरव्या मिरचीत शिजवून घोटणीने एकजीव केलेली वांग्याची भाजी घ्यायची. खानदेशी माणसाला याहून अधिक काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एकदा खाऊन बघावं.

माई गेल्या आणि खानावळीला कुलूप लागलं. त्यांची सून शैलाबाई इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. निवडणं, चिरणं, लाटणं सगळं त्याच करत. पण फोडणी आणि मीठ माईंनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही. आता ती भाजी आपल्याला येते की नाही, हे खुद्द शैलाबाईंनाच ठाऊक नव्हतं. त्यांचे यजमान मालवाहू गाडी चालवत. ते म्हणाले, “झेपत नसेल तर सोड. गाळा मोबाइलवाला मागतोय, त्याला भाड्याने देऊ.” शैलाबाई म्हणाल्या, “एक दिवस चूल पेटवून बघते. जमलं तर जमलं, नाहीतर द्या तुमच्या मोबाइलवाल्याला.”

तो एक दिवस उजाडला. ही बातमी मृण्मयीच्या कानावर गेली आणि तिचा जीव कळवळला. ती गुरुजींकडे धावली. “गुरुजी, चला ना. आज जर मी चांगले फोटो टाकले, तर उद्यापासून तिथे रांग लागेल. काकूंची खानावळ वाचेल.” गुरुजी माईंच्या हातचं वर्षानुवर्षं जेवलेले. त्यांनी लगेच टोपी चढवली.

दोघं पोहोचले तेव्हा दुपारची वेळ होती. तीन-चार जुनी गिऱ्हाइकं जेवत होती. शैलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी घास घेतला की विचारत, “कसं झालंय?” तो माणूस ताटातून मान वर न काढता म्हणे, “छान, छान झालंय हो वहिनी.” एकाने तर घास तोंडात जायच्या आधीच छान म्हणून टाकलं. भले लोक होते बिचारे. माईंच्या सुनेचं मन दुखवायचं नाही, असं प्रत्येकजण घरूनच ठरवून आला होता.

मृण्मयीपुढे ताट आलं. तिने ते उचललं आणि दाराशी उजेडात नेलं. बट्टीचा एक तुकडा असा ठेवला, एक तसा ठेवला. तुपाची धार पुन्हा सोडायला लावली. वाटी फिरवली, स्वतः वाकली, बाकावर चढली, खाली बसली. शैलाबाई हातात पळी धरून तिच्यामागे उभ्याच. भाजीवरची वाफ विरली, तूप थिजायला लागलं, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी मृण्मयीचं समाधान झालं. तिने मोबाइलवर भराभर काही लिहिलं आणि उत्साहाने तो शैलाबाईंच्या पुढे धरला. “बघा काकू! ‘अप्रतिम चव! माईंचीच आठवण यावी अशी घोटलेली वांगी!’ आता बघा कशी गर्दी होते ती.”

शैलाबाईंनी फोटो पाहिला. फोटो खरोखर सुरेख होता. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं. भाजीला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. “छान आहे गं,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पडला. हातातली पळी त्यांनी बाजूला ठेवली. कामाला पुन्हा लागायचं नसलं की माणूस जशी वस्तू ठेवतो, तशी ठेवली.

मृण्मयी गोंधळली. एवढं कौतुक केलं, आणि काकू खूश व्हायच्या सोडून खट्टू का झाल्या?

इतका वेळ गुरुजी कोपऱ्यातल्या बाकावर बसून मुकाट्याने जेवत होते. बट्टी मोडत होते, वरण कालवत होते, भाजीचा घास तोंडात घोळवत होते. त्यांनी एकदम हाक मारली, अगदी सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशी.

“सूनबाई! भाजीत मीठ कमी आहे!”

जेवणारे हात थांबले. मृण्मयीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजच्या दिवशी? सासू जाऊन जिचे डोळे अजून सुकलेले नाहीत, त्या बाईला, चार माणसांत? ती धावत त्यांच्याजवळ गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, अहो असं काय करता! नसेल आवडलं तर ठेवा बाजूला, पण निदान आज तरी बोलू नका.”

गुरुजींनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ते शैलाबाईंकडे बघत होते. आणि नवल असं, की शैलाबाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या झपाट्याने पुढे आल्या. “कमी आहे ना? मला सकाळपासून तसंच वाटत होतं! इतक्यांदा चाखली, इतक्यांदा चाखली, की शेवटी जिभेला काही कळेचना. ज्याला विचारावं तो छान म्हणतोय. बरं, मीठ कमी आहे, पण बाकी?”

“बाकी नंतर सांगतो. आधी मीठ बघा,” गुरुजी म्हणाले. “आणि ही माझी वाटी घेऊन जा. ही अशी मी संपवणार नाही.”

“आणते. बसा. उठू नका हं गुरुजी!” असं बजावत शैलाबाईंनी पळी उचलली आणि त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. थोड्याच वेळात घोटणीचाही यायला लागला.

मृण्मयी गुरुजींसमोर बसली. “मला काही कळलं नाही,” ती म्हणाली. “मी कौतुक केलं तर काकूंचा चेहरा उतरला. तुम्ही नावं ठेवली, तर त्या तरतरीत झाल्या. असं कसं?”

गुरुजी म्हणाले, “पोरी, ती बाई सकाळपासून एकच गोष्ट विचारते आहे. आपल्याला ही भाजी येते की नाही? या एका उत्तरावर तिची चूल राहायची की जायची, हे ठरणार आहे. या लोकांनी दयेपोटी छान म्हटलं. दया केलेली स्वयंपाकिणीला लगेच कळते. तू प्रेमापोटी अप्रतिम म्हटलंस. पण तुझं ताट तिच्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं पडलेलं होतं. न खाता केलेली स्तुती तिच्या भाजीची नव्हती, मग ती तिने घ्यायची कशी? मीठ कमी आहे असं मी म्हणालो, तेव्हा आज पहिल्यांदा तिला कळलं की आपलं अन्न कुणीतरी खरोखर खाल्लं. माईंना आम्ही कमी का नावं ठेवली? रोज ठेवायचो, रोज यायचो, आणि त्या आम्हाला रोज शिव्या घालून वाढायच्या. सूनबाईला त्या जागी बसवायचं असेल, तर तिला नावं ठेवण्याइतका मान तरी आपण द्यायला नको का?”

मृण्मयीने मोबाइल काढला. फोटो तसाच ठेवला, कारण फोटोत काही खोटं नव्हतं. पण त्याच्यावरचे शब्द तिने पुसून टाकले. येताना रिक्षात बसल्या बसल्याच ते तिने मनाशी जुळवून ठेवले होते, हे तिचं तिला ठाऊक होतं, आणि त्याची तिला आता फार लाज वाटली.

तेवढ्यात शैलाबाई बाहेर आल्या. गुरुजींच्या पुढे वाटी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गुरुजींनी घास घेतला. डोळे मिटले. चावला, गिळला. दुसरा घास घेतला. वाटी रिकामी करून ती फक्त पुढे सरकवली. “आणखी वाढा.”

शैलाबाईंनी भाजी वाढली, आणि वाढता वाढता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदराने पुसलं, लपवलं नाही. शेजारच्या बाकावरचा तो घाईने छान म्हणणारा गृहस्थ ओशाळून म्हणाला, “वहिनी, मलाही घाला जरा. मघाशी मीठ कमीच होतं. मी आपला बोललो नाही.”

“मग बोलायला तुझं तोंड काय गावाला गेलं होतं?” शैलाबाई म्हणाल्या, आणि इतक्या वेळानंतर खानावळीत हसण्याचा आवाज झाला.

मग त्या मृण्मयीकडे वळल्या. तिचं गार ताट त्यांनी उचललं आणि गरम ताट समोर ठेवलं. “आता तू जेव. आणि खरं सांग.”

मृण्मयीने मोबाइल पिशवीत टाकला. बट्टी कुस्करली, वरण ओतलं, भाजीचा घास घेतला. वांगी लोण्यासारखी मऊ झाली होती. लसणाचा वास नाकात भरत होता. मीठ अगदी बरोबर होतं. आणि मग जिभेवर मिरची चढली. चढतच गेली. तिचे डोळे भरून आले, कानशिलं तापली. ती पाणी प्यायली, तिने पुन्हा घास घेतला, ती पुन्हा पाणी प्यायली. शैलाबाई वाट बघत होत्या. मुलीला मोठा पेच पडला. खरं सांगावं तर ही बाई आत्ता कुठे सावरते आहे. तिने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आपले जेवत होते.

“काकू,” ती शेवटी म्हणाली, “भाजी फार चांगली झालीय. मला अजून हवीय. पण तिखट... तिखट जास्त झालंय हो. माईंच्या हातची मी एकदा खाल्ली होती, ती इतकी तिखट नव्हती.”

पुन्हा सगळे थांबले. आता शैलाबाई आतून आणखी वरण आणून घालतील, नाहीतर दह्याची वाटी आणतील, असं मृण्मयीला वाटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “मीठ चुकलं होतं, ते मी सुधारलं. तिखट चुकलेलं नाही. माईंना सोसायचं नाही, म्हणून इतकी वर्षं मिरच्या चिरताना मी हात आखडता घेत आले. मला भाजी अशीच आवडते. ही भाजी माझी आहे. तुला लागत असेल तर तूप घे वरून.”

आणि त्यांनी स्वतःच तिच्या ताटात तुपाची धार सोडली. सोडता सोडता, जणू फार पूर्वीच ठरलेली गोष्ट असावी अशा सहज आवाजात त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, “उद्या भरीत आहे. वेळेवर या, उशीर केलात तर मिळायचं नाही.”

गुरुजींनी मान डोलावली. मृण्मयी नाक पुसत, पाणी पीत, ताटातला शेवटचा कण संपेपर्यंत जेवत राहिली. या गरम ताटाचा फोटो काढायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

कुणी आपल्यापुढे जीव लावून काही मांडलं, तर आधी ते पोटभर घ्यावं. कौतुक करायला तोंड आहेच, ते थोडं नंतर उघडलं तरी चालतं.