शेटजींची पांढरी गादी

लेकीच्या मंगळागौरीसाठी साडी हवी होती. आषाढी सेलमध्ये धनपालशेटजींनी जांभळी साडी निम्म्या भावात काढली, तशी द्वारकाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या सेलमधल्या साडीने घरचे सगळे पांढरे कपडे गुलाबी केले होते.

"रंग जाईल का हो?"

"छे! शंभर टक्के पक्का. पण विकलेला माल परत घेणार नाही हं!"

शेटजींनी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी साडीचं टोक त्यात बुचकळलं आणि शेटजींच्या शुभ्र गादीवर घासायला नेलं.

"अहो, गादी!" शेटजींनी दोन्ही हात आडवे घातले.

बाई पिशवी उचलून उठल्या. "ज्या रंगावर तुम्ही स्वतःची गादी सोपवत नाही, त्यावर मी लेकीची मंगळागौर सोपवू?"